पोस्टरवरची अँजेला, वर्गातली अँजेला

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग असतो. पंधरा-वीस पोरंपोरी येतात. गेल्या महिन्यात मी 'अमेरिकेतले काळे आणि आपण' हा विषय घेतला. तिकडचे ब्लॅक पँथर, इकडचे दलित पँथर, आणि ओघात अँजेला डेव्हिसचं नाव निघालं. मी रंगात आलो. गोल केसांची ती बाई, उचललेली मूठ, मागं लागलेली एफबीआय, तुरुंग, खटला, सुटका. पोरं कान देऊन ऐकत होती. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, त्या प्राध्यापक होत्या म्हणालात. मग शिकवायच्या काय?"

मी म्हणालो, "तत्त्वज्ञान." आणि पुढं गेलो.

पुढं गेलो म्हणजे पळालो. कारण मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी होस्टेलच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मी या बाईचं मासिकातून कापलेलं चित्र चिकटवलं होतं. तिची मूठ मला पाठ होती. तिनं लिहिलं काय, शिकवलं काय, तिला नोकरीवरून काढलं ते नेमकं कशापायी, हे मी कधी विचारलंच नाही. आपण वाचणाऱ्या बापाची लेकरं म्हणवतो. आणि एका विदुषीचं आपण काय घेतलं? केस आणि मूठ.

त्या रात्री घरी आलो, पुस्तकं काढली आणि वाचायला बसलो. त्या पोरीला द्यायचं उत्तर इथं लिहितोय. यात थोडी कबुलीही आहे. ती शेवटी येईल.

*

अँजेला डेव्हिसचा जन्म २६ जानेवारी १९४४ चा. गाव बर्मिंगहॅम, राज्य अलाबामा. अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे शहर म्हणजे वर्णभेदाचा बालेकिल्ला. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळसुद्धा वेगळे. आपल्याला हे समजावून सांगायला नको. पाणवठा म्हणजे काय हे महाडवाल्यांना कोण शिकवणार?

तिची आई शाळामास्तरीण. बापाचा पेट्रोलपंप. कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीला लागून राहायला गेलं. त्या टेकडीवर काळ्यांनी घर घेतलं की गोरे गुंड घराखाली सुरुंग लावायचे. म्हणून त्या भागाचं नावच पडलं डायनामाईट हिल. सुरुंगाची टेकडी! पोरगी वाढली ती या धमाक्यांच्या आवाजात.

शिकायला हुशार. काळ्या मुलांना उत्तरेतल्या चांगल्या शाळांत धाडणारी क्वेकर लोकांची एक योजना होती. तीतून ती कोवळ्या वयात न्यूयॉर्कला गेली. पुढं शिष्यवृत्तीवर ब्रँडाईस विद्यापीठात. तिथं काळी पोरं बोटांवर मोजण्याइतकी. विषय फ्रेंच साहित्य. तिथंच तिला हर्बर्ट मार्क्यूज हा गुरू भेटला. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेला हा ज्यू तत्त्वज्ञ. विद्वान माणूस लढवय्याही असू शकतो, हे तिला त्याच्यात दिसलं.

१९६३ साली ती शिक्षणासाठी फ्रान्सला होती. १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला. चार काळ्या पोरी मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा. ही बातमी तिनं परक्या देशात, वर्तमानपत्रात वाचली. नावं ओळखीची, घराजवळची. भोवती गोरे मित्र होते, चांगलेही होते. पण हे दुःख त्यांना कळेना. आपल्यातला जो कोणी पहिल्यांदा गावाबाहेरच्या कॉलेजात गेला आणि तिथं ज्याला गावाकडची वाईट बातमी कळली, त्याला हा एकटेपणा सांगावा लागत नाही.

मग १९६५ ते १९६७ जर्मनीत फ्रँकफर्ट. अडोर्नोसारख्या मोठ्या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसली. पण तिकडं देशात काळ्यांचं आंदोलन पेटलेलं, आणि ही इकडं कांट-हेगेल वाचत बसलेली. राहवेना. परत आली. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला मार्क्यूजच्याच हाताखाली पुढचा अभ्यास, आणि संध्याकाळी वस्तीत काम. अभ्यास आणि चळवळ या दोन्ही गोष्टी तिनं एकदम धरल्या. १९६८ साली ती कम्युनिस्ट पक्षाच्या काळ्या सभासदांच्या शाखेत सामील झाली. ब्लॅक पँथरसाठीही काही काळ राजकीय शिक्षणाचे वर्ग घेतले.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९७४ साली तिचं आत्मचरित्र आलं. त्याची संपादक होती टोनी मॉरिसन, जिला पुढं १९९३ साली नोबेल मिळालं. त्यात तिनं लिहून ठेवलंय की सभा भरवायची, पत्रकं काढायची, कचेरी चालवायची ही कामं बायकांनी पुढं होऊन केली, की काही पुरुष साथींचं डोकं फिरायचं. बायका फार पुढं पुढं करतात, हे पुरुषाचं काम आहे, याने काळा पुरुष खच्ची होतो, असा त्यांचा सूर. दिवसभर राबायचं बायकांनी, आणि वर हेही ऐकून घ्यायचं.

ओळखीचं वाटतं ना? थांबा.

*

१९६९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं तिला तत्त्वज्ञान शिकवायला नेमलं. वय पंचवीस. अजून एक तासही घेतला नव्हता, तोवर ओरड सुरू झाली की ही बाई कम्युनिस्ट आहे. कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता रोनाल्ड रेगन. तोच, पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला. विद्यापीठाच्या नियामक मंडळानं सप्टेंबरात तिला काढून टाकलं. तिनं लपवलं नाही. होय, मी पक्षाची सभासद आहे, असं लेखी दिलं आणि कोर्टात गेली.

ऑक्टोबरात तिचं पहिलं व्याख्यान झालं. विषय होता काळ्यांच्या साहित्यातली तत्त्वज्ञानाची सूत्रं. जमले दीड हजारांच्या वर. सभागृह भरून गेलं. ती बोलली फ्रेडरिक डग्लसबद्दल. डग्लस जन्माचा गुलाम. त्यानं चोरून अक्षर गिरवलं, पळून गेला, आणि गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलं. अँजेलाचा मुद्दा सरळ होता. 'स्वातंत्र्य म्हणजे काय?' हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. युरोपातल्या पंडितांनी त्याची उत्तरं खुर्चीत बसून दिली. पण ज्याच्या पायात बेडी आहे त्याला हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही. गुलामाला स्वातंत्र्याची जितकी जाण, तितकी मालकाला कधीच नसते.

हे वाचताना मला आपला ज्योतिबा आठवला. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून! त्या काळात! आपले धागे असे जुने आहेत.

कोर्टानं निकाल दिला की निव्वळ पक्षाच्या सभासदत्वावरून नोकरी काढता येणार नाही. मंडळ गप्प बसलं का? नाही. १९७० च्या जूनमध्ये मुदत संपताच पुन्हा नेमणूक नाकारली. या वेळी कारण दिलं की बाहेरच्या सभांतली तिची भाषणं भडक असतात. म्हणजे वर्गात खोट सापडली नाही, मग वर्गाबाहेर शोधली. विद्यापीठं कुठलीही असोत, हा डाव सारखाच. आपल्या माणसाला नोकरी देताना गुण मोजतात आणि काढताना तोंड मोजतात.

त्याच उन्हाळ्यात घात झाला. सोलेडाड तुरुंगातल्या तीन काळ्या कैद्यांच्या बचावासाठी ती काम करत होती. त्यातला एक जॉर्ज जॅक्सन. ७ ऑगस्ट १९७० ला जॉर्जचा सतरा वर्षांचा भाऊ जोनाथन बंदुका घेऊन मरीन काउंटीच्या कोर्टात शिरला. न्यायाधीशाला आणि आणखी काहींना ओलीस धरलं. गोळीबारात न्यायाधीश, जोनाथन आणि दोन कैदी असे चौघं मेले. बंदुका अँजेलाच्या नावावर नोंदलेल्या होत्या. ती स्वतः तिथं नव्हती. पण खून, अपहरण आणि कट असे तीन आरोप लागले. ती भूमिगत झाली. एफबीआयनं देशातल्या दहा 'मोस्ट वाँटेड' गुन्हेगारांत तिचं नाव घातलं. १३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये पकडली. आरोप सिद्ध झाला असता तर मरणाची शिक्षा होती. सोळा महिने आत.

खटल्यातली एक गोष्ट पोस्टरवर कधीच आली नाही. सरकारी वकिलाला तिचा हेतू दाखवायचा होता. राजकीय हेतू धरला असता तर काळ्यांवरचा सगळा जुलूम कोर्टात चर्चेला आला असता. म्हणून त्यानं काय मांडलं? हिचं जॉर्ज जॅक्सनवर प्रेम होतं, त्या वासनेपायी हिनं हे केलं. तिची पत्रं कोर्टात वाचून दाखवली. तत्त्वज्ञान शिकवणारी बाई, देशभर भाषणं करणारी बाई, पण ती करते ते डोक्यानं नाही, देहाच्या ओढीनं करते! अँजेलानं आपल्या बचावाचं पहिलं भाषण स्वतः केलं. त्यात तिनं ज्युरीसमोर सांगितलं की हा पुरुषी अहंकार आहे. ४ जून १९७२ ला सगळ्या गोऱ्या ज्युरीनं तिला तिन्ही आरोपांतून निर्दोष सोडलं.

त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. वर्ष एकच. इकडं वर्तमानपत्रांतून तिचं चित्र आलं. लेख आला नाही.

*

आता त्या पोरीच्या प्रश्नाकडं येतो. शिकवायची काय?

तुरुंगात बसून तिनं एक निबंध लिहिला. तो १९७१ साली काळ्या विद्वानांच्या एका नियतकालिकात छापून आला. विषय होता गुलामांच्या वस्तीतली काळी स्त्री. हाताशी पुरेशी पुस्तकं नाहीत, वाचनालय नाही, बाहेर फाशीची टांगती तलवार. आणि ही बाई दोनशे वर्षांपूर्वीच्या आपल्या आज्यांबद्दल लिहीत होती. का?

कारण असं. १९६५ साली मॉयनिहन नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं एक अहवाल काढला होता. त्यात काळ्यांच्या गरिबीचं कारण त्यानं शोधलं. कारण कोण? काळी बाई! तिच्या हातात घर आहे, ती वरचढ आहे, म्हणून काळा पुरुष दुबळा झाला, म्हणून समाज मागे राहिला. गुलामगिरी मालकांनी केली, कायदे गोऱ्यांनी केले, आणि दोष आईच्या माथी. आणखी वाईट म्हणजे चळवळीतल्या काही पुरुषांनाही हे पटलं होतं.

अँजेलानं याची मुळापासून झडती घेतली. तिनं दाखवलं की गुलाम बाई मळ्यात पुरुषाइतकीच राबे. चाबूक तिला तेवढाच बसे. मालकापुढं स्त्री-पुरुष दोघं सारखेच बैल. मग घरी आल्यावर चूल, लेकरं, म्हातारी. पण हे घरचं काम एकच असं होतं ज्यावर मालकाचा हक्क नव्हता. ते आपल्या माणसांसाठी होतं. म्हणून त्या झोपडीतच माणूसपण टिकलं आणि बंडाची बीजंही तिथंच जपली गेली. बायका पळून गेल्या, कोठारं पेटवली, उठावांत उतरल्या. हे मोडायचं कसं? मालकानं हत्यार काढलं ते बलात्काराचं. तो निव्वळ वासनेचा प्रकार नव्हता. तू बाई आहेस, तुझा देह माझा आहे, आणि तुझा पुरुष तुला वाचवू शकत नाही, हे सगळ्या वस्तीला दाखवून द्यायचं होतं. बलात्कार हा दहशतीचा कारभार होता.

हे वाचल्यावर पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिलो. २९ सप्टेंबर २००६. खैरलांजी. सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे. सुधीर आणि रोशन. आपल्या कोर्टांनी खून धरला, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. जातीचं नावच पुसलं. त्या आधी बाईच्या चारित्र्याबद्दल कुजबुज करून झालीच होती. वकील कॅलिफोर्नियातला असो की गावचा पुढारी असो, बाईचं राजकारण झाकायचं असलं की तिच्या देहाकडं बोट दाखवायचं, ही युक्ती एकच आहे.

१९८१ साली तिचं मोठं पुस्तक आलं, स्त्रिया, वंश आणि वर्ग या तिन्हींवर. त्यात तिनं दोन्हीकडं आरसा धरला. गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीला विचारलं की मताचा हक्क मागताना तुम्ही काळ्यांना का वाऱ्यावर सोडलं? तुमच्या घरची भांडी घासणारी बाई तुमच्या 'स्त्री' या शब्दात बसते का? आणि बलात्काराचा प्रश्न मांडताना प्रत्येक काळा पुरुष म्हणजे बलात्कारी, हे खोटं चित्र तुम्ही का उचललं? हजारो काळ्या पुरुषांना झाडाला लटकवून मारलं गेलं ते याच चित्राच्या आधारावर. हे खोटं आहे, असं आधी पुढं येऊन सांगितलं ते आयडा वेल्स या काळ्या पत्रकार बाईनं, १८९२ पासून. त्यापायी तिचा छापखाना फोडला गेला. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल हा चौदा वर्षांचा पोरगा गोऱ्या बाईशी बोलला म्हणून मारला गेला, मारेकरी सुटले. २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात नितीन आगे हा सतरा वर्षांचा पोरगा वरच्या जातीच्या पोरीशी बोलला या संशयावरून मारला गेला. २०१७ साली खालच्या कोर्टातून आरोपी सुटले.

आता या दोन्ही गोष्टी जोडून बघा. आपल्या बाईचा देह त्यांनी कधीही घ्यावा. आणि त्यांच्या बाईकडं आपल्या पोरानं मान वर करून बघितलं तर मरण. म्हणजे जात कशानं राखली जाते? बाईच्या देहावर पहारा ठेवून.

आणि पोरांनो, हे आपल्याला अँजेलाकडून शिकायची गरजच नव्हती! ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. त्यात त्यांनी हेच मांडलं. जातीचा कणा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. ते टिकवायचं म्हणून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह. बाईला बांधल्याशिवाय जात उभीच राहत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली तीही नुसती अस्पृश्यतेपायी नव्हे. १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडलं त्याचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल. आपण १४ एप्रिलला हे सगळं भाषणात सांगतो. आणि सांगून झालं की बायकोला म्हणतो, चहा टाक.

*

आता जरा अवघड भाग. लैंगिकता. हा शब्द विहारात उच्चारला तर म्हातारी माणसं खाकरतात. मीही खाकरणाऱ्यांतलाच.

१९९८ साली अँजेलाचं आणखी एक पुस्तक आलं, ब्लूज गाणाऱ्या काळ्या बायकांवर. मा रेनी, बेसी स्मिथ, बिली हॉलिडे. या शाळेत न गेलेल्या वर्गातल्या, दारूच्या अड्ड्यांत आणि तंबूत गाणाऱ्या बायका. सभ्य काळे लोक त्यांना नाकं मुरडायचे. समाजाची अब्रू जाते म्हणायचे. अँजेला विचारते, गुलामगिरी संपल्यावर काळ्या माणसाच्या हाती खरोखर नवीन काय आलं? जमीन नाही, मत नाही, पैसा नाही. आलं ते एवढंच. वाटेल तिकडं जाता येऊ लागलं, शिकता येऊ लागलं, आणि आपला जोडीदार आपण निवडता येऊ लागला. शेकडो वर्षं मालकानं ठरवलं की कोणी कोणाशी निजायचं. म्हणून प्रेमाचं गाणं हे त्यांच्यासाठी स्वातंत्र्याचं गाणं झालं. त्या बायकांनी मारकुट्या नवऱ्यावर उघड गायलं, दुसऱ्या बाईवरच्या प्रेमावरही गायलं.

खुद्द अँजेलानं १९९७ साली एका मासिकात जाहीर केलं की आपण समलिंगी आहोत. त्या वेळी ती त्रेपन्न वर्षांची होती. ज्यांच्या भिंतीवर तिचं चित्र होतं त्यातल्या कित्येकांना हे आजही ठाऊक नाही. मलाही नव्हतं. कळल्यावर मी क्षणभर अडलो, हे कबूल करतो. मग स्वतःला विचारलं, बाबा रे, कोणी कोणाला शिवायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं नाही, यासाठीच तर तू जन्मभर भांडलास. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. त्या निकालाचा आधार कोणता? संविधानिक नैतिकता. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी मांडलेली कल्पना. म्हणजे बाप पुढं गेला, आपणच मागं राहिलो.

ब्लूजचं वाचताना तमाशा आठवणं अटळ होतं. आपल्याच बायका, आपल्याच जातींतल्या. त्यांचा नाच बघायला पाटील पुढं बसायचा आणि सकाळी त्यांच्या सावलीचा विटाळ मानायचा. आपल्या चळवळीनं तमाशाकडं पाठ फिरवली, त्याला सबळ कारण होतं. बाबासाहेबांचा राग त्या धंद्यातल्या पिळवणुकीवर होता. पण आपण काय केलं? पिळवणुकीबरोबर त्या बाईलाही बाहेर टाकलं. तिचं नाव घरात काढायचं नाही असं ठरवलं.

या गप्प कोपऱ्यात शिरली ती आपल्यातलीच एक बाई. शैलजा पाईक. पुण्यात येरवड्याच्या झोपडपट्टीत वाढल्या, पुणे विद्यापीठात शिकल्या, इंग्लंडात वॉरविकला पीएच. डी. केली आणि अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. २०१४ साली दलित स्त्रियांच्या शिक्षणावर पुस्तक. २०२२ साली तमाशातल्या दलित स्त्रिया, जात आणि लैंगिकता यांवर पुस्तक. दलित आणि काळ्या स्त्रियांच्या एकजुटीवरही त्यांनी लिहिलंय. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तिची रक्कम आठ लाख डॉलर. पेपरात रक्कम मोठ्या टायपात आली. अभ्यास कशाचा ते बारीक टायपात. आपण फ्लेक्स लावले असतील. पुस्तक किती जणांनी उघडलं?

बघा, पुन्हा तेच. पोस्टर घेतलं, वही सोडली.

*

अँजेलाचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. १९८० पासून काही वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात स्त्रियांचा आणि काळ्यांचा अभ्यास शिकवला. आणि १९९१ साली त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत ती प्राध्यापक झाली. तेच विद्यापीठ, ज्यानं तिला दोनदा बाहेर काढलं होतं. २००८ साली तिथूनच निवृत्त झाली. तुरुंगांवर तिनं २००३ साली पुस्तक लिहिलं. कोण आत असतं आणि का, हा तिचा प्रश्न. २०१६ च्या डिसेंबरात ती मुंबईत अनुराधा गांधी स्मृती व्याख्यानाला येऊन गेली. मी गेलो नाही. त्या दिवशी काय काम होतं तेही आठवत नाही.

आता कबुली.

१९८३ चं साल. मराठवाड्यात नामांतराचा लढा चालू होता. आम्ही होस्टेलातली पाच-सहा पोरं असंच एक सायक्लोस्टाईल अनियतकालिक काढायचो. टाईपरायटरवर स्टेन्सिल कापायचं काम माझं. आमच्या युनिटमधल्या एका मुलीनं चार पानांचा लेख आणून दिला. तिच्या बहिणीला नवरा मारायचा. नवरा कोण? आपलाच कार्यकर्ता. जयंतीला भाषण ठोकणारा. लेखात तिनं नाव घेतलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं की ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे त्या घरात बाईनं दाद कोणाकडं मागायची?

मी दोन पानांचं स्टेन्सिल कापलंही होतं. मग बैठक झाली. सगळे पुरुष. ती दारात उभी. आम्ही ठरवलं, आत्ता नको. लढा चालू आहे, सवर्णांच्या हातात कोलीत मिळेल. आधी जात संपू दे, मग बाईचं बघू. हे मीच बोललो. चांगलं बोललो असं त्या दिवशी सगळे म्हणाले. ती काही बोलली नाही. कागद परत मागितले, दिले, गेली. पुन्हा कधी युनिटला आली नाही. कापलेली स्टेन्सिलं टेबलाच्या खणात वाळून फाटली.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. 'मग बघू' मधला 'मग' काही आला नाही.

अँजेलाच्या त्या साथींना मी मघाशी नावं ठेवली. ते मीच होतो. तिला तुरुंगात फाशीच्या छायेत बसून जो निबंध लिहावासा वाटला, त्याच जातीचा निबंध आमच्या हातात आयता आला होता आणि आम्ही तो परत केला. आमची अँजेला आमच्या दारात उभी होती, आणि भिंतीवरच्या अँजेलाला आम्ही जयभीम करत होतो.

१९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. आंबेडकरी चळवळीतल्या आपल्या म्हाताऱ्या आयांना गावोगाव भेटून त्यांनी ते लिहिलं. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित स्त्रियांची परिषद भरली, हजारो बाया जमल्या, बाबासाहेब समोर बसले. तो इतिहास कागदावर नीट यायला सत्तेचाळीस वर्षं लागली. मधल्या काळात 'मग बघू' म्हणणारे माझ्यासारखे किती असतील, हिशोब करा. त्याच १९८९ साली तिकडं किंबर्ले क्रेनशॉ या काळ्या कायदेपंडित बाईनं एक शब्द दिला, इंटरसेक्शनॅलिटी. मूळ गोष्ट साधी. पाच काळ्या बायकांनी एका मोटार कंपनीवर दावा लावला. कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत की, आणि काळेही आहेत. बायका होत्या त्या कचेरीतल्या गोऱ्या. काळे होते ते कारखान्यातले पुरुष. काळी बाई दोन्ही रकान्यांत बसली नाही. आमच्या बैठकीतही रकाने दोनच होते. जात हा एक, बाई हा दुसरा. दारात उभी असलेली मुलगी दोन्हींत मावली नाही.

म्हणून पोरींनो, तुमचं लिहून झालं असेल तर थांबू नका. योग्य वेळ कोणती हे आम्हाला विचारू नका, आम्हाला ती कधीच सापडत नाही. आणि पोरांनो, बैठकीत कोणी 'आत्ता नको' म्हणालं तर त्याला विचारा, मग कधी? तारीख सांग.

पुढच्या रविवारी मी त्या मागच्या रांगेतल्या पोरीला पुढं बोलावणार आहे. अँजेलाचा तुरुंगातला निबंध तिला देऊन ठेवलाय. वर्ग ती घेईल. मी मागच्या रांगेत बसेन. चहा पोरं करतील.

जयभीम.